१९ व्होल्ट दिसूनही सुरू न होणारा लॅपटॉप: देवगड तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण देवगड तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात, आंबा बागायतदाराच्या घरी घडले. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, माणसांची नावे आणि लॅपटॉपची कंपनी दिलेली नाही. घटनाक्रम मात्र घडला तसाच मांडला आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्तीचे लहान दुकान चालवतो आणि ही तपासणी आरंभापासून शेवटपर्यंत माझ्याच हातून झाली. तिच्यात माझी एक चूकही आहे आणि हे प्रकरण लिहून काढावेसे वाटले ते मुख्यतः त्या चुकीमुळेच.

लॅपटॉप २०१३ साली घेतलेला होता. पंधरा इंची पडदा, तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि मागून काढता येणारी बॅटरी, असा त्या काळातला साधा आणि मजबूत नमुना. त्याचा अडॅप्टर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर, म्हणजे ६५ वॅटचा होता. घरातील सूनबाई त्यावर हापूसच्या पेट्यांचे बुकिंग, ग्राहकांचे पत्ते आणि हिशेब ठेवत. काम मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचेच असल्यामुळे पाऊस सुरू झाला की लॅपटॉप बॅगेत घालून लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवला जाई आणि पुढच्या फेब्रुवारीतच बाहेर निघे. कपाटात डांबरगोळ्या ठेवलेल्या असत. त्यांनी किडे दूर राहतात, पण दमट हवेवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही.

घर जांभ्या दगडाचे, नळ्यांच्या छपराचे आणि खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. या पट्ट्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण घरात येतात आणि प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओले राहतात. म्हणजेच आपल्याकडे पावसाळाभर बंद पडून असलेल्या यंत्रात, पाण्याचा एक थेंबही सांडलेला नसताना, धातूच्या पिनांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो. पुढचे सारे प्रकरण समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अडचण

२०२४ च्या फेब्रुवारीत लॅपटॉप बाहेर काढून अडॅप्टर लावला, तर बटण दाबूनही काहीच झाले नाही. बागायतदार काकांनी फोनवर सांगितले, “गेल्या वर्सा बरो चालत होतो, औंदा बटन दाबलंय तरी कायएक होणा नाय.” दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, पडद्यावर काही नाही. पहिल्या पेट्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रवाना व्हायच्या होत्या आणि जुन्या ग्राहकांचे पत्ते दुसरीकडे कुठेही उतरवून ठेवलेले नव्हते.

माझ्याकडे येण्याआधी घरी काही प्रयत्न झाले होते. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहिले गेले. एका भाच्याच्या लॅपटॉपचा अडॅप्टर पिन बसली म्हणून लावला गेला. त्याचे व्होल्टेज जवळपास तेवढेच निघाले हे दैव म्हणायचे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांमध्ये व्होल्टेज वेगळे असू शकते. लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावा असाही सल्ला कोणी तरी दिला होता; सूनबाईंनी तो मानला नाही, हे चांगले झाले. तांदूळ यंत्राच्या आतला ओलावा फारसा ओढत नाही, आणि पिनांवर चढलेला क्षार तर मुळीच काढत नाही. वर त्याची पूड मात्र फटींत जाऊन बसते.

“लॅपटॉप सुरू होत नाही” या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिलीत वीज आत पोहोचतच नाही, दुसरीत दिवा आणि पंखा चालतात पण पडदा काळा राहतो, आणि तिसरीत यंत्र क्षणभर सुरू होऊन लगेच बंद पडते. तिन्हींची कारणे आणि तपासणीचा क्रम वेगळा असतो. ही तक्रार पहिल्या प्रकारची आहे असे मी फोनवरच धरले. ते पूर्णपणे खरे नव्हते, हे पुढे कळले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नवा लॅपटॉप घेण्याचा होता. यंत्र अकरा वर्षांचे असल्याने तो अवाजवी नव्हता, पण हंगामापूर्वी घरात रोख रक्कम कमी असते. खत, फवारणी आणि राखणीचा खर्च आधीच झालेला असतो. दुसरा पर्याय मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलण्याचा होता. शहरातील एका दुकानाने यंत्र न पाहताच “मदरबोर्ड गेला असणार” असे सांगून साडेसात हजारांचा अंदाज दिला होता. तिसरा पर्याय भिंतीतल्या सॉकेटपासून आतपर्यंत एकेक टप्पा तपासत जाण्याचा होता. कुटुंबाने तिसरा पर्याय निवडला, पण त्याआधी काय करायचे हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला.

पहिला निर्णय: आधी माहिती, मग यंत्र

लॅपटॉप उघडण्याआधी हार्ड डिस्क बाहेर काढावी असे मी सुचवले. काका कचरले; डिस्क काढली तर आतले सर्व पुसले जाईल अशी त्यांची समजूत होती. यंत्र बंद असले तरी डिस्कवरची नोंद जशीच्या तशी राहते, आणि बंद पडलेल्या बोर्डाला पुन्हा पुन्हा वीज देऊन पाहण्यात डिस्कलाच धोका असतो, हे समजावून सांगितल्यावर त्यांनी परवानगी दिली.

या नमुन्यात तळाशी एक लहान झाकण आणि दोन स्क्रू काढले की डिस्क हातात येते. तिच्या जोडणीच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. यूएसबीने जोडता येणाऱ्या बाहेरच्या डबीत घालून ती दुकानातल्या संगणकाला जोडली आणि खटखट आवाज येत नाही ना, याकडे पहिली दोन मिनिटे कान लावून बसलो. तसा आवाज आला असता तर तिथेच थांबलो असतो. आवाज नव्हता. पत्ते, हिशेब आणि घरचे फोटो मिळून ३८ जीबी माहिती तासाभरात उतरवून घेतली आणि दोन ठिकाणी ठेवली. डिस्कवर काहीही लिहिले नाही. अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये साठवण अनेकदा कुलूपबंद सांकेतिक रूपात असते, काहींमध्ये ती बोर्डावरच डाक दिलेली (सोल्डर केलेली) असते. तिथे हा मार्ग इतका सरळ नसतो. इथे यंत्र जुने असल्याचा लाभ झाला.

ती पत्त्यांची यादी सूनबाईंच्या फोनवर पोहोचताच घरातला ताण उतरला. यानंतरचे सर्व निर्णय घाई न करता घेता आले, ते यामुळेच.

तपासणी

सॉकेट ठीक होता. अडॅप्टरच्या पिनेवर मल्टिमीटरने १९.१ व्होल्ट दाखवले. पण काहीही न जोडता मोजलेले व्होल्टेज हा अर्धाच पुरावा असतो. थकलेला अडॅप्टर मोकळा असताना पूर्ण व्होल्टेज देतो आणि भार येताच, म्हणजे प्रत्यक्ष वीज ओढली जाऊ लागताच, बसतो. म्हणून चारचाकीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून त्यावर लावले. दोन्ही नीट पेटले आणि व्होल्टेज १८.९ वर स्थिर राहिले. अडॅप्टर निर्दोष ठरला.

बॅटरी काढून ठेवली. तिच्या पिनांवर शून्य व्होल्ट आले, पण त्यावरून ती मेली असे लगेच म्हणता येत नाही, कारण तळाशी गेलेल्या बॅटरीचे आतले संरक्षक सर्किट स्वतःच बाहेरची वाट बंद करते. आठ महिने पडून राहिलेल्या आणि अकरा वर्षे जुन्या लिथियम बॅटरीला बळेच चार्ज करणे आगीला आमंत्रण देण्यासारखे असल्याने तो प्रयत्न केला नाही. बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि मग फक्त अडॅप्टर लावला. बोर्डात अडकून राहिलेला विद्युतभार यामुळे उतरतो आणि काही यंत्रे एवढ्यानेच जागी होतात. हे यंत्र जागे झाले नाही.

पिन लॅपटॉपमध्ये घातल्यावर अडॅप्टरचा दिवा विझतो का, हेही पाहिले. तो विझला असता तर मुख्य वाटेवर शॉर्ट आहे असा अर्थ झाला असता आणि मग बोर्डावरचे जळके कपॅसिटर शोधण्याखेरीज गत्यंतर नव्हते. दिवा स्थिर राहिला. नंतर तळ उघडला. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून जिथला स्क्रू तिथे टोचून ठेवला. चार्जिंग जॅक बोर्डावर डाक दिलेला नव्हता. चार तारांच्या लहान केबलने तो बोर्डाला जोडलेला होता.

चुकलेला निष्कर्ष

इथे माझ्याकडून चूक झाली. जॅकच्या मागे १९.१ व्होल्ट होते. केबल बोर्डाच्या कनेक्टरमध्ये बसते, तिथे बोर्डाच्या बाजूला मोजले तर १८.४ आले. “वीज बोर्डापर्यंत पोहोचते आहे” एवढा अर्थ मी काढला, दोष बोर्डातच आहे असे ठरवले, आणि बोर्ड कोल्हापूरला चिप बदलणाऱ्या कारागिराकडे पाठवायची तयारी केली. यात दोन दिवस गेले.

त्या कारागिराने फोनवर एकच प्रश्न विचारला: बटण दाबताना तिथे किती व्होल्ट राहतात? ते मी पाहिलेच नव्हते. त्याच्या सांगण्यावरून काट्याचा जुना मीटर लावला, कारण आकडे दाखवणारा मीटर क्षणिक घसरण पकडायला संथ पडतो. बटण दाबताच काटा धाडकन खाली गेला आणि परत वर आला. मग तेच दोन बल्ब बोर्डाच्या बाजूला, कनेक्टरच्या डाकांवर जोडले. थेट अडॅप्टरवर लख्ख पेटणारे बल्ब इथे लुकलुकलेसुद्धा नाहीत, आणि व्होल्टेज २ च्याही खाली गेले.

तेव्हा १९.१ आणि १८.४ यांच्यातल्या त्या ०.७ व्होल्टांचा अर्थ लागला. नुसत्या तयारीत असलेला बोर्ड अगदी थोडी वीज घेतो. ती २० मिलिअँपिअर धरली, तर ०.७ व्होल्टांची घट म्हणजे जोडणीत सुमारे ३५ ओहमचा अडथळा. चांगल्या केबलमध्ये तो ओहमच्या अंशाइतकाही नसायला हवा. यंत्र सुरू होताना एक अँपिअर मागू लागले की या अडथळ्यावरच ३५ व्होल्ट खर्च व्हायला हवेत, आणि अडॅप्टरकडे तर आहेत १९. म्हणजे सुरू होण्याच्या क्षणीच बोर्डाची वीज तुटत होती. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच वीज घेत नसल्याने त्याला ही अडचण जाणवत नव्हती. सुताएवढ्या धारेनेही टाकी भरलेली दिसते, पण नळ पूर्ण उघडला की वाट किती अरुंद आहे ते कळते, तसा हा प्रकार होता.

केबल कनेक्टरमधून उपटली तेव्हा कारण डोळ्यांनी दिसले. कल्हई गेलेल्या पितळी भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक पिनांवर होता, आणि धन बाजूच्या पिनांवर तो ऋण बाजूपेक्षा कितीतरी दाट होता. हंगामात लॅपटॉप दिवसभर वायर लावूनच चाले. खारट ओलाव्यात विजेचा दाब असला की धन टोकाचे तांबे आधी झिजते. पावसाळ्यात त्यावर आणखी थर चढला. जॅकच्या भोकातून बाहेरची हवा थेट त्या कोपऱ्यात येते, म्हणून बाकीचा बोर्ड बराच स्वच्छ असताना हाच भाग खराब झाला होता.

हे सांगितल्यावर सूनबाई म्हणाल्या की पहिल्या संध्याकाळी ओटीवर अंधार असताना बटणाखाली काजव्यासारखे काही तरी एकदा चमकल्याचा भास त्यांना झाला होता. आम्ही “दिवा लागतो का?” असे विचारले होते आणि त्यांनी खरे ते उत्तर दिले होते, लागत नाही. म्हणजे तक्रार मुळात तिसऱ्या प्रकारची, क्षणभर सुरू होऊन बंद पडण्याची होती.

दुरुस्ती

बोर्डावरचा कनेक्टर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तीन वेळा धुतला. क्षार जातो तो विरघळून. कोरडे खरवडले तर पिनांवरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात त्या अधिक लवकर खराब होतात. पेट्रोल किंवा गंज सोडवणारे तेल अशा जागी वापरू नये. लाकडी खोक्यात ४० वॅटचा बल्ब लावून बोर्ड रात्रभर त्या मंद उबेत ठेवला. जॅकची केबल स्वच्छ करून भागवता आली असती, पण तिच्या खोबणीतला स्प्रिंगचा ताण गेला होता, म्हणून नवीन मागवली. ती साडेतीनशे रुपयांना मिळाली आणि मुंबईहून यायला पाच दिवस लागले.

नवीन केबल बसवल्यावर पंखा फिरला आणि दिवा लागला, पण पडदा काळाच राहिला. आता ही दुसऱ्या प्रकारची तक्रार होती आणि तिचा क्रम ठरलेला आहे: आधी रॅम. दोन खोबणींपैकी एकीत तसाच हिरवट थर होता. रॅमच्या सोनेरी पट्ट्या पुसून दुसऱ्या खोबणीत एकच पट्टी बसवली आणि पडद्यावर अक्षरे आली. घड्याळ मात्र कित्येक वर्षे मागे गेले होते. ते चालू ठेवणाऱ्या, बोर्डावरच्या ३ व्होल्टच्या सीआर २०३२ सेलवर १.१ व्होल्टच उरले होते. चुकीच्या तारखेमुळे बँकेची आणि कुरिअरची संकेतस्थळे उघडत नाहीत, म्हणून तो सेलही बदलला. शेवटी डिस्क परत बसवली.

निष्पत्ती

फोन आल्यापासून लॅपटॉप घरी परत जाईपर्यंत अकरा दिवस गेले आणि मजुरी धरून १४०० रुपये खर्च आला. पहिल्या पेट्या वेळेत गेल्या, हंगाम पार पडला. बॅटरी बदलली नाही. वीज गेली तर यंत्र बंद पडू नये म्हणून ते घरच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावून दिले. जुनी बॅटरी मी ई-कचरा घेणाऱ्याकडे देण्यासाठी ठेवून घेतली. आपल्याकडे बागेतला पातेरा पेटवताना घरातली नको असलेली वस्तूही त्यात टाकण्याची सवय आहे. लिथियम बॅटरी त्या आगीत फुटते, म्हणून काकांना हे मुद्दाम बजावून सांगितले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेची अद्यतने, संपला आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे पैशांचे व्यवहार तेव्हापासून फोनवर होतात आणि लॅपटॉपवर फक्त नोंदी राहिल्या आहेत.

काय वेगळे करता आले असते

माहिती आधी काढण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. बाकी दोन ठिकाणी माझी पद्धत बदलली आहे. अडॅप्टर भार देऊन तपासायचा हे मला माहीत होते, तरी तीच कसोटी पुढच्या प्रत्येक जोडणीला लावायची हे सुचले नाही. ०.७ व्होल्टांचा फरक “जवळपास तेवढेच” म्हणून सोडून दिला, आणि केवळ त्यापायी चांगला बोर्ड कोल्हापूरला जाऊन गरम हवेखाली आला असता. आता किनाऱ्यावरून आलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये जॅक ते बोर्ड ही वाट मी बल्ब लावूनच पाहतो, मग बोर्डाचा विचार करतो. दुसरी गोष्ट विचारण्याची: दिवा लागतो का, असे न विचारता अंधाऱ्या खोलीत बटण दाबा आणि काय काय दिसले, काय ऐकू आले ते सांगा, असे म्हणतो.

कुटुंबाच्या बाजूने बदलण्याजोगी गोष्ट साठवणुकीची होती. पूर्वी पावसाळ्यात जपायच्या वस्तू चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवत, कारण तिथे ऊब असे. धुरामुळे लॅपटॉपसाठी ती जागा चालणार नाही, पण ऊब हवी ही जाण बरोबरच होती. जमिनीलगतचा बंद कप्पा ही घरातली सर्वांत दमट जागा. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात, अधूनमधून तव्यावर मंद तापवून घेतलेल्या सिलिका जेलच्या पुरचुंड्यांसह, उंचावर ठेवलेले यंत्र सुरक्षित राहते. पंधरा दिवसांतून एकदा ते तासभर चालवले तर स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा निघून जातो. बॅटरी चांगली असेल तर ती निम्म्याच्या आसपास चार्ज करून वेगळी ठेवावी.

२०२४ च्या जूनमध्ये सूनबाईंनी लॅपटॉप असाच ठेवला. दिवाळीच्या सुमारास तळ उघडून पाहिला तेव्हा नवीन केबलच्या पिना पिवळ्याधमक होत्या. रॅमची ती एक खोबणी अजून बंदच आहे. तिची दुरुस्ती करायची तर बोर्ड पूर्ण बाहेर काढावा लागेल आणि ४ जीबीच्या एका पट्टीवर पेट्यांचा हिशेब नीट चालतो आहे, म्हणून तिला हात लावलेला नाही.